नेट लावायचं नाही

मी पडलो.

नाही. मला पाडलं.

तसंही नाही. पहिली थप्पड बसली तेव्हा मी स्टुलावर होतो आणि थपडेनंतरही स्टुलावरच होतो. दुसरी बसली तेव्हा माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं, ते मी सोडलं नाही, कारण खाली गिऱ्हाइकाचा बोर्ड उघडा पडला होता. तिसऱ्या वेळी त्याने स्टुलालाच लाथ घातली. तेव्हा मी पडलो. म्हणजे पाडलं.

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे साडेअकरा. दुकानांच्या पाट्यांवर कालचे झेंडूचे हार अजून ताजे होते. ज्या मोबाइलच्या दुकानात कोपऱ्यातलं एक टेबल मी भाड्याने घेतलंय, तिथले सिंधी शेठ काउंटरची काच दोन्ही हातांनी धरून ओरडले, "साईं, अंदर नहीं! बाहर ले जा के मारो, काच है!"

त्याने शेठचं ऐकलं. मला बाहेर नेलं. जीन्सचे गठ्ठे घेऊन चाललेल्या हातगाडीवर माझं डोकं आपटलं. हातगाडीवाला थांबला, गठ्ठा फाटला का ते बघितलं, आणि निघून गेला.

"आठच्या आठ," तो म्हणत होता. "आठच्या आठ मशीन मेल्या माझ्या. तू केलेल्या."

आठ म्हटल्यावर मी त्याला ओळखलं. जितेश. जांभूळ गावचा. घरची जमीन कारखान्याला गेली, त्या पैशातून बदलापूरला त्याने गेम पार्लर काढलं होतं. आठ कन्सोल, आठ मोठे टीव्ही, आठ लाल खुर्च्या, तासाला चाळीस रुपये. जूनमध्ये त्या आठही मशीनचं कुलूप मीच तोडलं होतं आणि प्रत्येकीत बत्तीस गेम भरून दिले होते. विकत घ्यायला गेलं तर त्यातला एकेक नवा गेम साडेचार-पाच हजारांचा. तासाला चाळीस देणारी पोरं असताना पाच हजारांचा गेम कुठला पार्लरवाला घेईल? म्हणून माझं टेबल चालतं.

मशीन देताना मी एकच गोष्ट सांगतो. तोंडी सांगतो आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून मशीनच्या पाठीला डकवतोही: नेट लावायचं नाही. नेट लावलं की मशीन कंपनीशी बोलते. कंपनी म्हणते नवं सॉफ्टवेअर घे. स्क्रीनवर प्रश्न येतो, कुणीतरी कंट्रोलरवरची फुली दाबून हो म्हणतो, आणि वीस मिनिटांनी बत्तीसच्या बत्तीस गेमच्या चित्रांवर छोटं कुलूप येऊन बसतं.

"नेट लावलंस का?" मी जमिनीवरून विचारलं.

त्याने बुटाचं टोक माझ्या उजव्या पंजावर ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं, एकेक बोट चाचपत.

"ह्याच हाताने केल्यास ना? रविवारी बारा वाजता टूर्नामेंट आहे माझी. चौसष्ट पोरं येणार. तोपर्यंत मशीन चालू नाही दिसल्या तर हा हात मी ठेवून घेणार. हा. उजवा. समजला?"

समजलं. मला दुसरं काही येत नाही. बारावीनंतर अंबरनाथच्या आनंदनगरला दोन वर्षं कंपनीत काढली, तिथून पळालो ते ह्या हाताच्या जोरावर. केसाएवढी तार ह्या बोटांना दिसते, डोळ्यांच्या आधी दिसते.

पोलिसांत का गेलो नाही, असं पुढे मला ज्याने त्याने विचारलं. जाऊन काय सांगू? साहेब, कुलूप तोडायचं काम घेतलं होतं, ते कुलूप परत लागलं?

मशीन १

बदलापूर पश्चिम. जितेशचं पार्लर: नव्या बिल्डिंगचा तळमजला, खिडकी नाही, एक शटर. जितेशने माझ्यासोबत माझं टेबलही पुसून आणलं होतं: आयर्न, भिंगाचा दिवा, हॉट एअरची गन, तारा, पेचकस, छोटी हातोडी. फोन काढून घेतला, त्यावरून माझ्या आईला लावला आणि माझ्या चांगल्या कानाला धरला.

"बोल. बदलापूरला काम आहे, रविवारी येतो."

मी बोललो.

"जेवणाचं काय?" आईने विचारलं.

"देतायत."

शटर बाहेरून बंद झालं.

अपडेट झालं म्हणून जुनं सॉफ्टवेअर मरत नाही. ते मशीनच्या पोटात निजून असतं. एका काळ्या चिपच्या पायांना चार बारीक तारा डकवायच्या आणि मशीनला पटवायचं की बाई, तू अजून जूनमध्येच आहेस. तार एक पाय सरकली की मशीन कायमची गेली. हे काम करणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. एक मी.

चार तास लागले. टीव्हीवर बत्तीस चित्रं आली, एकावरही कुलूप नव्हतं. जितेश बराच वेळ बघत राहिला. मग खूश होऊन त्याने मला थोपटलं. थप्पड बसलेल्या त्याच कानावर.

मशीन २

पाच तास. त्याने मारलं नाही. नाही, मारलं.

एकदा.

मशीन ३

दुपारी डबा घेऊन जितेशची बहीण आली. स्वप्नाली. आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला आहे, सेकंड शिफ्टला जाता जाता डबा ठेवून जायची. शटर कमरेपर्यंत वर करून जितेश बाहेर फोनवर बोलत उभा राहिला आणि ती वाकून आत आली.

"कान दाखवा," ती म्हणाली. बघून म्हणाली, "ई."

मी तिसरी मशीन अजून उघडली नव्हती. त्याआधी ती चालू करून नोटिफिकेशनची यादी बघितली होती. अपडेट पूर्ण: दसरा, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटं. टेबलावर रांगेत ठेवलेल्या बाकीच्याही चालू केल्या. अकरा चार. अकरा सहा. अकरा आठ. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, रांगेने.

आपोआप झालं असतं तर असं रांगेने झालं नसतं. कुणीतरी एकेका मशीनपुढे जाऊन उभा राहिला होता.

"दसऱ्याला पावणेअकराच्या सुमारास इथे काय चाललेलं?" मी विचारलं.

"पूजा."

"कसली?"

"मशीनची. दसऱ्याला करतात ना. आमच्या कंपनीत पण करतात. हार घातले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला."

"आणि नेट?"

तिने शटरकडे बघितलं. "ते दादाने आदल्या दिवशी बसवून घेतलं. टूर्नामेंट लाइव्ह दाखवायची म्हणे."

"मग मशीन चालू कोणी केल्या?"

"आबांनी, आमच्या वडिलांनी. म्हणजे त्यांच्या हातून मुहूर्त करायचा होता. घरातल्या मोठ्या माणसाचा हात लागला पाहिजे ना आधी. दादा त्यांना एकेका मशीनपाशी नेत होता. आबा विचारायचे, काय दाबू? दादा म्हणायचा, फुली दाबा आबा, फुली. परत फुली. स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी येत होतं."

"कोणी वाचलं नाही?"

"मी वाचलं." तिने डब्याची कडी उघडली, परत लावली. "पण मुहूर्ताला आबांचा हात कोण धरणार?"

"मग?"

"मग सगळे टीव्ही काळे झाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या."

बाहेर जितेशचं बोलणं संपत आलं होतं. ती घाईने उठली.

"बोलू नका हां कोणाला. आबांमुळे झालं असं कोणी बोललं तर दादा त्याला..."

पुढचं तिने सांगितलं नाही. शटर खाली आलं.

मशीन ४

चूक माझी.

तीन तारा लागल्या होत्या. चौथी लावत होतो. आयर्नचं टोक चिपच्या पायावर, श्वास रोखलेला, आणि अचानक डोळ्यांपुढे ते चित्र आलं. आठ काळे टीव्ही, गळ्यात हार घातलेल्या आठ मशीन, आणि समोर उभं राहून टाळ्या वाजवणारं अख्खं घर. मी हसलो. हसू नाकातून फुटलं.

टोक सरकलं. चिपमधून बारीक धूर आला.

जितेशला वास आला. त्याने विचारलं काय झालं, मी म्हणालो चार नंबर गेली, तो म्हणाला गेली म्हणजे, मी म्हणालो गेली.

त्याने कंट्रोलरची जुनी वायर दुहेरी केली. त्याआधी एक काम केलं. माझं उजवं मनगट धरून पंजा हळूच लाल खुर्चीच्या गादीवर ठेवला, झोपलेल्या पोराचा हात बाजूला करावा तसा. त्याला लागायला नको होतं. अजून चार मशीन बाकी होत्या.

मग पाठ.

पाठ.

पोटरी, कारण मी वळलो.

पाठ.

मी मोजत नव्हतो. मी पंजाकडे बघत होतो. पाठीवर वळ उठत होते आणि तो एकटा गादीवर पडून होता, स्वच्छ, जणू माझा नव्हेच. मधेच जितेश दमला, एसी सोळावर केला, पाणी प्यायला, मलाही दिलं. "पी. ताप येईल नाहीतर." मग परत.

मशीन ५

शनिवार. पाठीला शर्ट चिकटला होता. पाचवी मशीन दुपारी जागी झाली आणि जितेश वडापाव घेऊन समोर बसला. दोन त्याला, एक मला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरे गेम घेतले असते तर हे लफडं झालं नसतं ना?"

"नसतं झालं."

"मग तू का नाही बोललास खरे घे म्हणून?"

"तू घेतले असतेस?"

तो हसला. "पाच हजाराचा एक? येडा आहे का मी? तेवढ्यात माझा एसी येतो." जरा वेळ चघळत राहिला. "कंपनीवाले लुटतात म्हणून ते चोर. त्यांचं कुलूप तोडतो म्हणून तू चोर. मग मी कोण रे?"

"गिऱ्हाईक."

"हां. गिऱ्हाईक." त्याला ते आवडलं. चटणीची बोटं पुसली. मग टेबलावरची हॉट एअर गन उचलून उगाच चालू केली. तिचं तोंड माझ्या गालापासून वीतभर लांब धरलं. केस जळाल्याचा वास आला. माझेच.

"स्वप्नाली काय बोलली?"

"काही नाही."

"नेट होतं, नव्हतं, त्याचा काय संबंध नाही. बरोबर?"

"बरोबर."

गन चार बोटं पुढे आली.

"चूक कोणाची?"

"माझी."

"नीट पूर्ण वाक्य बोल ना. शाळेत शिकवलं नाही का?"

"मी मशीन नीट केल्या नव्हत्या. म्हणून त्या गेल्या."

"शाब्बास." त्याने गन बंद केली. "उद्या कोणी विचारलं तर हेच."

मी हिशेब मांडला. असाच गप्प राहिलो, तिन्ही मशीन बारापर्यंत केल्या, तर चार नंबरचं मरण पाठीवर घेऊन मी हात शाबूत घेऊन घरी जातो. खरं बोलून काय मिळणार होतं? कुणाला ऐकायचंय ते?

गालाला फोड आला. तो उजव्या हाताने फोडायचा नाही असं ठरवलं.

मशीन ६

रविवारी सकाळी साडेनऊला तारा लागल्या होत्या; हात आता बसला होता, उरलेल्या दोन तासाभरात एकेक होतील असं वाटत होतं. शटर पूर्ण वर गेलं. चार दिवसांनी इतका उजेड एकदम आला की मी डोळ्यांवर हात धरला.

दारात एक उंच म्हातारा. दौलतराव, जितेशचे आबा. पांढरा शर्ट, खांद्यावर गमचा, पायात कोल्हापुरी. त्याच्या मागे स्वप्नाली. दादाने माणूस कोंडलाय, हे तिने घरी सांगितलं होतं. तिला वाटलं होतं आबा आले की मी सुटेन.

"पोरी, तू घरी जा," दौलतराव म्हणाले. ती गेली. "जितेश, शटर घे खाली." शटर खाली आलं.

ते माझ्याभोवती फिरले. पाठ बघितली, गाल बघितला.

"कोन हाय ह्यो?"

"आबा, हाच तो. ह्याने बोगस काम केलं. मशीन मेल्या ना आपल्या, दसऱ्याला, त्या ह्याच्यामुळे."

"माझे हातच्या मुहूर्ताच्या?"

"त्याच."

दौलतराव माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे डोळे शांत होते. "खरं हाय रं?"

त्यांच्या खांद्यावरून जितेश माझ्याकडे बघत होता. मला घड्याळ दिसत होतं. पावणेदहा. मला माझा हात दिसत होता.

"हो," मी म्हणालो. "मी मशीन नीट केल्या नव्हत्या."

"मना वाटलं पोरगा खोटं बोलतंय." ते जरा दुखावल्यासारखे झाले. "गावात लोकं बोलतात, दौलत्याचे हाताला यश नाय. मुहूर्त केला आन दुसरे दिवशी धंदा बसला. तुझे पायी."

टेबलावरची हातोडी त्यांनी उचलली. वजन बघितलं.

"डावा ठेव."

"आबा, माझं काम..." जितेश म्हणाला.

"कामाला उजवा. म्हनून तं डावा बोलतो."

जितेशने माझं डावं मनगट टेबलावर दाबलं. म्हाताऱ्याने घाई केली नाही. चार बोटं बाजूला करून अंगठा मोकळा केला, भुईमुगाची शेंग फोडायला ठेवावी तसा. आणि मारली.

आवाज लहान होता. ओरडणं नंतर आलं, आणि ते माझं आहे हे मला उशिरा कळलं. सहाव्या मशीनच्या चारही तारा माझ्या धक्क्याने तुटल्या.

"बाराला उजवा," दौलतराव म्हणाले. "मशीन चालू नाय झाल्या तं."

तारा तुटल्या होत्या. एका हाताने त्या लागत नाहीत, डाव्याने बोर्ड धरावा लागतो. बारापर्यंत आता आणखी एकही मशीन चालू होणार नव्हती. गप्प राहायचं कारण त्या एका घावात संपलं.

"तुम्ही दाबलंत!" मी ओरडलो. "फुली! तुम्ही दाबली फुली! आठ वेळा! नेट ह्याने लावलं आणि फुली तुम्ही दाबलीत!"

जितेशने माझं तोंड टेबलावर आपटलं. दात ओठातून आरपार गेला.

"बोलू दे त्याला," दौलतराव म्हणाले.

"आबा, खोटं बोलतोय तो, जीव वाचवायला..."

"मी बोललो, बोलू दे."

परत मशीन १

मी म्हणालो, एक नंबर चालू आहे. मी दुरुस्त केलेली. तिला नेट लावा आणि बघा.

जितेश हलला नाही. दौलतरावांनी हातोडी त्याच्याकडे रोखली तेव्हा हलला. वायर लावली. टीव्हीवर बत्तीस चित्रं होती, एकावरही कुलूप नव्हतं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. जितेशच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता. मग निळा पडदा आला. मधे चौकट, इंग्रजीत चार ओळी, खाली एक बटण.

म्हातारा पुढे झाला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तो पडदा त्यांनी आठ वेळा बघितला होता.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आला होता. आठी वेळंस." मग हळू आवाजात, "आन मी बोललो, काय दाबू?"

कंट्रोलर घेऊन त्यांनी फुली दाबली.

"आबा नको!" जितेश.

परत फुली. टीव्ही काळा झाला. तिघेही त्या काळ्या टीव्हीसमोर वीस मिनिटं थांबलो. माझ्या अंगठ्यातून टेबलावर रक्त गळत होतं, ते कडेपर्यंत जाऊन खाली पडायला लागलं. बत्तीस चित्रं परत आली. बत्तीस कुलपं.

"ही कुलपं कोनाची?"

"कंपनीची," मी म्हणालो. बोलताना ओठातून फुगे येत होते. "हे गेम विकत घेतलेले नाहीत. मी कुलूप तोडून भरून दिलेत. नेट लावलं की कंपनीचं कुलूप परत लागतं."

"म्हंजे चोरीचे?"

"आबा, सगळेच असं करतात," जितेश म्हणाला. "बदलापुरात एक पार्लर दाखवा मला..."

"चोरीचे मालाला माझे हातून हार घातलास?"

"आबा..."

"नारळ फोडलास? आन मी दाबलं त्ये म्हाईत असून चार दिवस ह्याला कुटलास? वर माझे हातात हातोडी दिलीस?"

"मी नाही दिली, तुम्हीच घेतली..."

म्हाताऱ्याने त्याला हातोडीच्या दांड्याने तोंडावर मारलं. एकदा. जितेश दोन लाल खुर्च्यांच्या मधे बसला, नाक धरून, आणि चार वर्षांच्या पोरासारखा बघत राहिला. मी बघितलं आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तसं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मशीन ७, मशीन ८

उघडल्याच नाहीत.

दौलतरावांनी गमचा काढून टेबलावर पसरला. त्यावर आपला उजवा हात ठेवला, चार बोटं दुमडली, अंगठा मोकळा केला. हातोडी माझ्याकडे सरकवली.

"मार."

"नाही आबा. मी जातो. मला जाऊ द्या."

"मार."

"मला काही नको. मी कोणाला सांगणार नाही."

"ऐक." ते समजावून सांगू लागले, बांधाचं भांडण सोडवावं तसं. "मी तुना मारला. चूक नसताना मारला. तो मार तू मना परत दिलास तं मी चुकलो, ह्ये पटलं. नाय दिलास तं मी चुकलोच नाय. आन मी चुकलो नाय तं तुझा उजवा अजून बाकी हाय. बाराचा वायदा हाय."

मी जितेशकडे बघितलं. तो उठून उभा राहत होता. नाकातून रक्त, हात रिकामे.

"तू बस रं तिथंच," त्याच्याकडे न बघता बाप म्हणाला.

घड्याळात अकराला वीस कमी. बाहेर पोरांचा आवाज यायला लागला होता. कोणीतरी शटर वाजवलं. "जितूदादा, उघड ना! एन्ट्री कधी घेणार?"

मी हातोडी उचलली. उजव्या हाताने. हाताला ती बरोबर बसली. म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं नख जाड होतं, पिवळं, मधे चीर. त्याच्या कडेला दसऱ्याच्या कुंकवाचा कण अजून अडकलेला होता.

मी मारली.

तो ओरडला नाही. श्वास आत ओढला फक्त, आणि मान हलवली, की झालं.

एकदाच मारायची होती.

मी दुसऱ्यांदा मारली.

का मारली, हे मी स्वतःला नंतर खूप वेळा विचारलं. पहिली त्याने मागितली होती. दुसरी कोणी मागितली नव्हती.

दौलतराव टेबलाला टेकले. चेहरा राखेसारखा झाला होता. हात गमच्यात गुंडाळला, तो लगेच लाल झाला. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि त्या नजरेत आता शांत काही नव्हतं. दुसऱ्या घावाचं काय करायचं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"जितेश," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शटर उघड. ह्याला जाऊ दे."

जितेश उठला. शटरपाशी गेला. दोन्ही हातांनी पट्टी धरून वर उचललं. गुडघ्यापर्यंत उचललं आणि थांबला. तिथेच धरून ठेवलं. बाहेरचं ऊन फरशीवर आलं आणि पोरांच्या चपला दिसल्या, पंधरा-वीस जोड.

"अजून वर घे," मी म्हणालो.

"जाम आहे," जितेश म्हणाला. सकाळी ते पूर्ण वर गेलं होतं. "जा ना. जायचं होतं ना तुला?"

मी बापाकडे बघितलं. बाप भिंतीकडेच बघत होता.

हातोडी खाली ठेवली आणि पोटावर झोपलो. फरशी गार होती. शटरची खालची पट्टी लोखंडी, तीन बोटं जाड, माझ्या नाकासमोर अधांतरी. बाहेर पडायचे दोनच रस्ते होते. पाय आधी बाहेर काढले तर मान वाचली असती, पण हात शेवटी पट्टीखाली आले असते, दोन्ही, त्याच्या पायांपाशी. तोंड पुढे करून गेलो तर हात आधी सुटत होते आणि मागून डोकं, मान, कणा असं सगळं एकामागून एक त्याखालून जाणार होतं.

मला ठरवायला वेळ लागला नाही.

उजवा हात पुढे लांब केला, बाहेरच्या पायरीवर, उन्हात. मग डावा, तुटका, कोपरावर ओढत. कोणीतरी पोरगा ओरडला, "अबे, हा कोण?" आणि चपला मागे सरकल्या. डोकं बाहेर आलं. उन्हाने डोळे मिटले. खांदे आले.

पट्टी पाठीवर पडली तेव्हा दोन्ही हात बाहेर होते.